एमबीबीएसनंतर ब्रिटन: कोणता कागद आधी, कोणता नंतर?

स्टेथो_नाशिक (प्रश्न)

नमस्कार. महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजातून एमबीबीएस. इंटर्नशिप मार्चमध्ये संपली. एमएमसीची (महाराष्ट्र वैद्यकीय परिषद) नोंदणी झाली आहे, पण विद्यापीठाचं अंतिम पदवी प्रमाणपत्र अजून हातात नाही, फक्त प्रोव्हिजनल आहे. ग्रामीण सेवेचा बॉन्ड बाकी आहे. प्लॅब (परदेशी डॉक्टरांसाठीची ब्रिटनची दोन टप्प्यांची परवाना परीक्षा) देऊन ब्रिटनला जायचं आहे.

परीक्षा कोणत्या ते माहीत आहे. अडलंय ते क्रमावर. कुणी सांगतं आधी ईपिक (पदवीची ऑनलाइन पडताळणी) उघड, कुणी म्हणतं आधी इंग्रजीची आयईएलटीएस, कुणी म्हणतं गुड स्टँडिंगला (आपल्यावर कारवाई नसल्याचं वैद्यकीय परिषदेचं प्रमाणपत्र) वेळ लागतो तर ते आत्ताच काढून ठेव. इंग्रजीसाठी ओईटी आणि आयईएलटीएस यांत काय निवडावं? एकूण खर्च किती धरावा? आणि प्लॅब २ साठी मँचेस्टरला कोर्स लावावाच लागतो का? माहीतगारांनी कृपया सविस्तर लिहा.

---

फाइल_क्रमांक_७

गुड स्टँडिंग आत्ता काढू नका. बाकीचं नंतर, आधी हे. त्या प्रमाणपत्रावर सही झाल्यापासून जीएमसी (ब्रिटनमधली डॉक्टरांची नोंदणी करणारी परिषद) ते फक्त तीन महिने ग्राह्य धरते. तुमची अजून पहिली परीक्षाही झालेली नाही. आज काढलेलं प्रमाणपत्र नोंदणीच्या अर्जापर्यंत केव्हाच शिळं होईल आणि पुन्हा फी, पुन्हा खेपा. ते मागवायची वेळ म्हणजे प्लॅब २ चा निकाल लागण्याच्या सुमारास. आपल्याकडे ते दोन टप्प्यांत होतं: आधी एमएमसीचं गुड स्टँडिंग, मग त्याच्या आधारावर दिल्लीला एनएमसीकडे (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) अर्ज. दोन्ही कार्यालयांचा वेळ हिशेबात धरा. एमएमसीची नोंदणी चालू असेल तरच हे होतं. नूतनीकरण दर पाच वर्षांनी आणि त्यासाठी वैद्यकीय परिषदा-कार्यशाळांतून मिळणारे ३० क्रेडिट पॉइंट, हे विसरू नका. गेल्या पाच वर्षांत दुसऱ्या कुठल्या देशात प्रॅक्टिस केली असेल तर तिथलंही प्रमाणपत्र वेगळं लागतं.

या सगळ्या रस्त्यात अवघड काय असेल तर मुदती. प्रत्येक कागदाला स्वतःची मुदत आहे आणि त्या एकमेकींवर आदळतात. इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो. प्लॅब १ पास झाल्यापासून दोन वर्षांत प्लॅब २ पास व्हावी लागते. प्लॅब २ नंतर पुन्हा दोन वर्षांत नोंदणी मंजूर व्हावी लागते. म्हणजे परीक्षांना ऐसपैस वेळ दिसतो, पण इंग्रजीचा निकाल तुम्ही सगळ्यात आधी मिळवलेला असतो आणि तोच सगळ्यात आधी संपतो. प्लॅब १ बुक करायलाच इंग्रजीचा पुरावा लागतो, त्यामुळे ती परीक्षा मागे ढकलता येत नाही. म्हणून ती देण्याचा दिवस ठरवा आणि तिथून पुढची सव्वा-दीड वर्षं कॅलेंडरवर मांडून बघा. त्यात नोंदणीचा अर्जही बसला पाहिजे.

आता बॉन्ड. सरकारी कॉलेजचा एक वर्षाचा बॉन्ड आणि तो न केल्यास दहा लाख रुपये, हे तुम्हाला माहीत असेलच. याचा निकाल आधी लावा. माझं मत विचाराल तर बॉन्ड कराच. मेडिकल ऑफिसर म्हणून केलेलं वर्ष जीएमसीच्या अर्जात अनुभव म्हणून दिसतं, आणि त्याच वर्षात इंग्रजी आणि प्लॅब १ दोन्ही आटोपता येतात. जीएमसी गेल्या पाच वर्षांचा हिशेब मागते, रिकाम्या महिन्यांसकट. “घरी अभ्यास करत होतो” हे उत्तर चालतं, पण नोकरीच्या अर्जात ते रिकामं वर्ष फार महागात पडतं.

ईपिक: ही ईसीएफएमजी या अमेरिकी संस्थेची पडताळणी सेवा आहे. जून २०१८ पासून जीएमसीने ती युरोपाबाहेरच्या पदव्यांसाठी सक्तीची केली. तुम्ही पदवी प्रमाणपत्र अपलोड करता, ते तुमच्या विद्यापीठाला थेट विचारतात की हा कागद तुमचाच का, आणि उत्तर आलं की तो अहवाल जीएमसीला जातो. इथे प्रोव्हिजनल चालत नाही, अंतिम पदवी प्रमाणपत्रच लागतं. म्हणजे तुमच्या बाबतीत ईपिकला आत्ता थांबावं लागेल. पण प्लॅब १ त्यासाठी अडत नाही. पडताळणी पूर्ण हवी ती नोंदणी मिळण्याआधी. प्रमाणपत्र मिळालं की त्याच आठवड्यात ईपिक सुरू करा, कारण विद्यापीठाचं उत्तर यायला काही आठवडेही लागू शकतात, काही महिनेही. तो वेळ तुमच्या हातात नसतो.

अपलोड करताना लोक हमखास चुकतात ते स्कॅनमध्ये. मोबाइलने काढलेला तिरका फोटो, कडा कापलेल्या, मागची बाजू जोडलेलीच नाही. मूळ प्रमाणपत्र रंगीत, सपाट, चारही कडा दिसतील असं स्कॅन करा. लॅमिनेट केलेलं असेल तर चकाकीमुळे शिक्का दिसत नाही. मिळालं की लॅमिनेट करूच नका.

---

दुसरी_ओपीडी

वरचा प्रतिसाद चांगला आहे. इंग्रजीचं मी लिहितो.

आयईएलटीएस घ्याल तर अ‍ॅकॅडेमिक. जनरल ट्रेनिंग चालत नाही. एकूण ७.५ आणि चारही भागांत प्रत्येकी किमान ७, एकाच बैठकीत. ओईटी घ्याल तर मेडिसिनचा पेपर आणि चारही भागांत बी, म्हणजे प्रत्येकी ३५० गुण. दोन्ही परीक्षा केंद्रावर जाऊन द्या, घरून दिलेली परीक्षा धरून चालू नका.

आपल्याकडची मुलं आयईएलटीएसमध्ये बहुतेक वेळा रायटिंगमध्ये अडकतात. बाकी तिन्हींत ८, रायटिंगला ६.५ आणि सगळं पुन्हा. कारण त्यात निबंध असतो आणि बारावीनंतर आपण निबंध लिहिलेलाच नसतो. ओईटीच्या रायटिंगमध्ये रेफरल लेटर किंवा डिस्चार्ज लेटर लिहायचं असतं. केस नोट्स समोर असतात, त्यातलं पत्र वाचणाऱ्याला काय हवं आणि काय नको हे निवडायचं. डॉक्टरला हे जास्त जवळचं, आणि पुढे प्लॅब २ च्या बोलण्याचीही तयारी होते. फी मात्र आयईएलटीएसपेक्षा बरीच जास्त आहे. रायटिंगची भीती नसेल तर आयईएलटीएस, असेल तर ओईटी. ओईटीत गुण जातात ते सगळ्या नोट्स पत्रात उतरवल्यामुळे. फिजिओथेरपिस्टला लिहिताना लहानपणचं टॉन्सिलचं ऑपरेशन कशाला?

आणखी एक. “एमबीबीएस इंग्रजीतून झालं, मग परीक्षा कशाला” असं विचारणारे बरेच असतात. जीएमसीची अट अशी आहे की कोर्स इंग्रजीत हवा आणि पेशंटशी बोलण्यासकट क्लिनिकल कामाचा किमान ७५ टक्के भाग इंग्रजीत हवा. आपला राउंड इंग्रजीत होतो, पण पेशंटला “कुठं दुखतंय, जेवण जातंय का” हे मराठीतच विचारतो. त्यामुळे कॉलेजच्या पत्रावर सूट मिळेल असं गृहीत धरू नका. परीक्षा द्या.

---

स्टेथो_नाशिक

खूप आभार. नावाचं एक विचारायचं राहिलं. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी आहे, कॉलेजच्या कागदांवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम आहे, आणि पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये नाव आणि वडिलांचं नाव एकत्र आलंय. याने काही अडेल का?

---

फाइल_क्रमांक_७

अडेल, पण आधी लक्ष दिलंत तर नाही. महाराष्ट्रातल्या अर्ध्या अर्जांना ही अडचण येते.

नियम सोपा: पासपोर्टवर जे नाव, तेच सगळीकडे. जीएमसी खातं, ईपिक, आयईएलटीएस किंवा ओईटी, सगळं पासपोर्टच्या गिव्हन नेम आणि सरनेमच्या रकान्यांप्रमाणे भरा. आयईएलटीएसचा फॉर्म भरताना घाईत फक्त नाव आणि आडनाव टाकून मोकळे होऊ नका. पासपोर्टवर वडिलांचं नाव असेल तर तेही टाका. परीक्षेच्या दिवशी पासपोर्टशी जुळवून बघतात.

पदवीवर क्रम वेगळा असेल, पण तीनही शब्द तेच असतील, तर साधारणपणे ते समजून घेतात. स्पेलिंग वेगळं असेल तर मात्र त्रास होतो: पासपोर्टवर एक ‘ए’ आणि पदवीवर दोन. असं असेल तर पदवी छापून येण्याआधीच विद्यापीठाकडे दुरुस्तीचा अर्ज करा. छापून आल्यावर दुरुस्ती म्हणजे गॅझेट, प्रतिज्ञापत्र, आणि महिनेच्या महिने. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललेलं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र हाताशी ठेवा, त्याशिवाय दोन नावांचा सांधा जुळत नाही. आणि पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल, सगळं नाव गिव्हन नेममध्येच आलं असेल, तर आधी पासपोर्ट नीट करून घ्या. बाकी काहीही भरण्याआधी. नंतर पासपोर्ट बदलला की सगळीकडे दुरुस्ती करत बसावी लागते.

इंटर्नशिपचं राहिलं. पूर्ण नोंदणीसाठी बारा महिन्यांची इंटर्नशिप दाखवावी लागते. कॉलेजच्या प्रमाणपत्रावर प्रत्येक विभागाच्या तारखा हव्यात, नुसतं “बारा महिने समाधानकारक” पुरेसं धरू नका. मेडिसिन आणि सर्जरीच्या पोस्टिंगच्या तारखा स्पष्ट असू द्या. एक्स्टेन्शन (इंटर्नशिपला मुदतवाढ) झालं असेल तर ते दाखवा. लपवलेलं एक्स्टेन्शन पुढे पडताळणीत उघडं पडलं तर प्रश्न प्रामाणिकपणाचा होतो, आणि जीएमसी त्या एका गोष्टीला अजिबात माफ करत नाही.

---

आठ_मिनिटं

परीक्षांबद्दल लिहितो.

प्लॅब १: १८० प्रश्न, ३ तास, पाच पर्यायांतून एक सर्वांत योग्य उत्तर. वर्षातून चार वेळा होते, भारतातही केंद्रं आहेत. निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही प्रश्न रिकामा सोडू नका. २०२४ पासून तिचा अभ्यासक्रम ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांच्या नव्या परवाना परीक्षेच्या, एमएलएच्या, आराखड्याशी जुळवला आहे.

नीट पीजीचा अभ्यास केलेल्याला ज्ञान कमी पडत नाही, पण उत्तरं चुकतात. कारण प्रश्न “आजार कोणता” असा कमी येतो. “आता पुढे काय कराल” असा जास्त येतो, आणि त्याचं उत्तर नाइसच्या (उपचारांचे निकष ठरवणारी तिथली संस्था) मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे द्यायचं असतं. उदाहरण द्यायचं तर रक्तदाब. दवाखान्यात १४०/९० च्या वर आलं म्हणून लगेच गोळी नाही. चोवीस तासांचं अ‍ॅम्ब्युलेटरी मोजमाप, त्यातली जागेपणीची सरासरी १३५/८५ किंवा जास्त असेल तर निदान पक्कं. मग वय ५५ च्या खाली असेल तर एसीई इनहिबिटर किंवा एआरबी या गटातलं औषध, ५५ किंवा पुढे असेल किंवा रुग्ण आफ्रिकन वंशाचा असेल तर कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर. पण टाइप २ मधुमेह असेल तर वय काहीही असो, एसीई इनहिबिटर किंवा एआरबी. किंवा पॅरासिटामॉलचा ओव्हरडोस: चार तासांनी रक्तातली पातळी, आणि उपचाराची रेषा (पातळी तिच्यावर गेली तर उपचार) चार तासांना १०० मिलिग्रॅम प्रति लिटर. आपल्या बऱ्याच पुस्तकांत १५० ची रेषा छापलेली असते, ती तिथे चालत नाही. गोळ्या तासाभराहून जास्त वेळात थोड्याथोड्या घेतल्या असतील तर पातळीची वाट न बघता उतारा म्हणून एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन सुरू. अशी दोन-तीनशे ठिकाणं आहेत जिथे आपली सवय आणि तिथला नियम वेगळा आहे. अभ्यास त्या ठिकाणांचा करा. पूर्ण एमबीबीएस पुन्हा वाचू नका.

प्लॅब २: फक्त मँचेस्टरला. १६ स्टेशनं, प्रत्येक ८ मिनिटांचं, आधी दीड मिनिट दाराबाहेरचा कागद वाचायला. आत रुग्णाचं काम करणारा नट किंवा मॅनिकिन (सरावाचा पुतळा), आणि एक परीक्षक. गुण तीन खात्यांत: माहिती काढणं आणि तपासणी, उपचारांचं नियोजन, आणि माणसाशी वागणं. प्रत्येकी ० ते ४, म्हणजे स्टेशनाला १२. पास व्हायला एकूण गुण पुरेसे हवेत आणि ठरावीक संख्येची स्टेशनंही स्वतंत्रपणे पास हवीत. दोन्ही अटी.

हे गुणांचं गणित समजलं की नापास होण्याचं मुख्य कारणही समजतं. आपण हिस्टरीत (आजाराची माहिती विचारण्यात) सहा-सात मिनिटं घालवतो. प्रत्येक सिस्टीमचा प्रत्येक प्रश्न. मग बेल वाजते आणि नियोजनाचं खातं कोरं राहतं. चारपैकी चार गुण तिथेच गेले. चौथ्या मिनिटाच्या आसपास तुम्ही हिस्टरी बंद करून “मला असं वाटतंय की” या वाक्यावर आलेले असायला हवेत.

दुसरं कारण वागण्याचं खातं. तिथे रुग्णाला तीन गोष्टी विचारायच्या असतात: तुम्हाला स्वतःला काय वाटतंय, कशाची काळजी वाटतेय, आणि आज माझ्याकडून काय अपेक्षा आहे. पाठ करून, रांगेत, एका सुरात विचारलं तर परीक्षकाला ते लगेच कळतं. रुग्ण म्हणाला “माझे वडील याच वयात गेले” की तिथे थांबायचं. पुढचा प्रश्न विचारायचा नाही, आधी त्या वाक्याला उत्तर द्यायचं. खरं तर चांगल्या मराठी फॅमिली डॉक्टरला हे शिकवावं लागत नाही. वॉर्डात रोज शंभर पेशंट बघून ती सवय मोडलेली असते, ती परत आणायची.

तिसरं: नातेवाईक. आपल्याकडे वाईट बातमी आधी मुलाला सांगतात आणि “आईंना सांगू नका” हे ऐकून घेतात. तिथे रुग्णाच्या परवानगीशिवाय मुलाला काहीच सांगता येत नाही. स्टेशनावर मुलगा चिडतो, रडतो, गळ घालतो. त्याचं दुःख मान्य करायचं, पण माहिती द्यायची नाही. सोळा वर्षांखालच्या मुलीने गर्भनिरोधक मागितलं तर गिलिक आणि फ्रेझरच्या कसोट्या, म्हणजे तिला स्वतः संमती देण्याइतकी समज आहे का ते बघायचं. रुग्ण उपचार नाकारतो तेव्हा मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट २००५ प्रमाणे निर्णयक्षमता तपासायची: समजतंय का, लक्षात राहतंय का, तोलून बघता येतंय का, सांगता येतंय का. आणि गाडी. टीआयए (थोड्या वेळात ओसरणारा छोटा पक्षाघात) झाला असेल तर एक महिना कार चालवायची नाही. कारणाशिवाय पहिली फिट आली असेल तर सहा महिने, आणि डीव्हीएलएला (वाहन परवाने देणारी तिथली संस्था) कळवायचं. हे वाक्य विसरल्यामुळे नियोजनाचे गुण जातात, कारण भारतात आपण हे कधीच सांगत नाही.

शेवटी सेफ्टी नेट, म्हणजे तब्येत बिघडली तर काय करायचं याची सूचना. “काही झालं तर या” हे पुरेसं नाही. काय झालं तर, किती वेळात, कुठे: जीपीकडे (फॅमिली डॉक्टर) की सल्ल्यासाठी १११ ला फोन की आणीबाणीचा ९९९, हे नेमकं सांगायचं.

कोर्स लागतो का? सक्ती नाही. लागतो तो जोडीदार. रोज तीन-चार तास, घड्याळ लावून, एक डॉक्टर, एक रुग्ण, एक परीक्षक. असे दोघे-तिघे दोन महिने ऑनलाइन भेटले तर कोर्सचं बरंच काम होतं. मँचेस्टरच्या कोर्सचा खरा उपयोग मॅनिकिन हाताळायला आणि मॉक (सराव) परीक्षेला. पैसे कमी असतील तर पूर्ण कोर्स सोडा, शेवटच्या आठवड्यात एक-दोन मॉक द्या.

---

रात्रपाळी

प्लॅबबद्दल सगळं बरोबर आहे, पण कुणी नोकरीबद्दल बोललं नाही. आज ब्रिटनमध्ये परवाना मिळवणं हा सोपा अर्धा भाग आहे. अवघड अर्धा त्याच्या पुढे.

ऑक्टोबर २०१९ मध्ये सगळे डॉक्टर ब्रिटनच्या तुटवड्याच्या यादीत आले आणि परदेशी डॉक्टरांना ट्रेनिंगच्या (तिथल्या पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या) पहिल्या फेरीतच अर्ज करता येऊ लागला. लोंढा तिथून सुरू झाला. २०२५ मध्ये स्पेशालिटी ट्रेनिंगच्या सुमारे दहा हजार जागांसाठी तीस हजारांहून जास्त अर्जदार होते. जुलै २०२५ मध्ये इंग्लंडच्या आरोग्याच्या दहा वर्षांच्या आराखड्यात ब्रिटनमधल्या पदवीधरांना प्राधान्य देण्याचं सरकारने जाहीर केलं. याचा अर्थ सरळ घ्या: प्लॅबनंतर लगेच ट्रेनिंगची जागा मिळेल या हिशेबावर कर्ज काढू नका.

पहिली नोकरी ट्रेनिंगबाहेरची असेल: ट्रस्ट ग्रेड किंवा क्लिनिकल फेलो, म्हणजे रुग्णालय स्वतः भरतं ती कनिष्ठ डॉक्टरची जागा. एनएचएस जॉब्स आणि ट्रॅक या दोन संकेतस्थळांवर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, एनएचएसच्या, जाहिराती येतात. एका जाहिरातीला काही शे अर्ज येतात आणि अर्ज भरपूर आले की शेवटच्या तारखेआधीच खिडकी बंद करतात. त्यामुळे जाहिरात आली त्याच दिवशी अर्ज. सपोर्टिंग इन्फर्मेशनमध्ये सगळ्यांना एकच मजकूर चिकटवू नका. जाहिरातीसोबत पर्सन स्पेसिफिकेशन नावाचा तक्ता असतो, निवडणारे त्याच तक्त्यावर गुण देतात. त्यातला प्रत्येक ‘इसेन्शियल’ मुद्दा त्याच क्रमाने घ्या आणि प्रत्येकाला पुरावा द्या.

पुरावा भारतात बसूनही तयार होतो. बॉन्डच्या वर्षात तुमच्या ग्रामीण रुग्णालयात एक ऑडिट (उपचार ठरलेल्या निकषांप्रमाणे होतात का याची मोजणी) करा, दोन्ही फेऱ्यांसकट: आधी मोजलं, बदल केला, पुन्हा मोजलं. पहिली फेरी करून सोडून दिलेल्या ऑडिटला तिथे फार किंमत नाही. ज्युनिअर इंटर्नना शिकवलं असेल तर त्याचा अभिप्राय लेखी घ्या. एएलएस (हृदय बंद पडल्यावर करायच्या उपचारांचा कोर्स) करा. मँचेस्टरला प्लॅब २ साठी जाल तेव्हा दोन-चार आठवड्यांची क्लिनिकल अटॅचमेंट जमवता आली तर बघा. व्हिजिटर व्हिसावर ती चालते, मात्र बिनपगारी आणि रुग्णावर स्वतः उपचार न करता, फक्त निरीक्षण. तिथल्या कन्सल्टंटचा (वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टर) रेफरन्स हा तुमच्या अर्जातला सगळ्यात जड कागद ठरतो.

पहिली नोकरी कुठेही चालत नाही, हेही लक्षात घ्या. नव्या परदेशी डॉक्टरला पहिल्या रिव्हॅलिडेशनपर्यंत (परवान्याची ठरावीक काळाने होणारी फेरतपासणी) जीएमसीने मान्य केलेल्या, रिस्पॉन्सिबल ऑफिसर (त्या फेरतपासणीची शिफारस करणारा वरिष्ठ डॉक्टर) असलेल्या संस्थेशी जोडलेलं राहावं लागतं. स्वतःचा खासगी दवाखाना, किंवा अशा व्यवस्थेत नसलेली लोकम (तात्पुरते डॉक्टर पुरवणारी) एजन्सी, इथून सुरुवात होत नाही. आणि पुढे ट्रेनिंगला अर्ज करताना क्रेस्ट फॉर्म (ट्रेनिंग सुरू करण्याइतकी क्षमता असल्याचा दाखला) लागतो. किमान तीन महिने सोबत काम केलेल्या कन्सल्टंटने त्यातली प्रत्येक क्षमता पाहून सही करायची असते. नोकरी लागल्या दिवसापासून तो फॉर्म डोक्यात ठेवा.

दुसरा रस्ता एमआरसीपी, म्हणजे ब्रिटनच्या रॉयल कॉलेजांची मेडिसिनची पदव्युत्तर परीक्षा. जनरल मेडिसिन नक्की करायचं असेल तर प्लॅबऐवजी याचा विचार करा. पदवीनंतर बारा महिने झाले की पार्ट १ देता येते: दोन पेपर, प्रत्येकी १०० प्रश्न, ३ तास. मग पार्ट २ लेखी, मग पेसेस ही प्रात्यक्षिक परीक्षा. तिन्ही झालं की जीएमसीच्या नोंदणीसाठी प्लॅब लागत नाही. इंग्रजीची परीक्षा, ईपिक आणि गुड स्टँडिंग मात्र चुकत नाही. पैसे आणि वर्षं जास्त जातात, पण नोकरीच्या अर्जात प्लॅबवाल्यांच्या गर्दीतून तुम्ही लगेच वेगळे दिसता. एमआरसीएस (सर्जरी), एमआरसीपीसीएच (बालरोग), एमआरसीओजी (स्त्रीरोग-प्रसूती) यांचंही तसंच. भारतातलं एमडी किंवा डीएनबी नुसतं असून प्लॅबमधून सुटका होत नाही. एमडी झालेल्यांसाठी मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह ही रॉयल कॉलेजांची योजना आहे, जास्तीत जास्त २४ महिने, त्यानंतर परतायचं.

परत येऊन महाराष्ट्रात काम करायचा विचार असेल तर एवढं माहीत असू द्या की नुसती एमआरसीपी भारतात एमडीच्या बरोबरीची धरत नाहीत.

---

स्टेथो_नाशिक

बॉन्ड करतच प्लॅब १ द्यायची असं ठरवतोय. व्हिसा आणि खर्चाचं कुणी सांगेल का? वडील शेतकरी आहेत, खात्यात पैसे हंगामाप्रमाणे येतात.

---

दुसरी_ओपीडी

खर्चाचा अंदाज: प्लॅब १ ची फी अडीचशे पौंडांच्या पुढे, प्लॅब २ ची नऊशेच्या पुढे, नोंदणीचे साडेचारशेच्या आसपास. फी साधारणपणे दर एप्रिलमध्ये वाढते, त्यामुळे बुकिंग मार्चमध्ये जमत असेल तर मार्चमध्ये करा. त्यात इंग्रजीची परीक्षा, ईपिक, विमान, मँचेस्टरमधली दहा-पंधरा दिवसांची खोली, मॉक. सगळं मिळून साडेचार ते सहा लाख रुपये धरा. एका फटक्यात लागत नाहीत, वर्ष-दीड वर्षात विखुरले जातात. एकदा नापास झालात तर प्लॅब २ ची फी आणि पूर्ण प्रवास पुन्हा, म्हणून थोडे पैसे बाजूला हवेतच.

प्लॅब २ साठी स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा. सोबत परीक्षेच्या बुकिंगचा जीएमसीचा ईमेल आणि प्लॅब १ चा निकाल जोडा. नकार येतो तो बहुतेक पैशांच्या कागदांवरून. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक तीन लाख आले आणि ते कुठून आले याचा कागद नाही, की अधिकारी ते उसने पैसे समजतो. शेतीच्या उत्पन्नाला आयकर विवरणपत्र नसतं, म्हणून सातबारा आणि आठ अ चा उतारा, बाजार समितीच्या किंवा साखर कारखान्याच्या पावत्या, त्याच रकमा बँकेत जमा झाल्याच्या नोंदी, आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडा. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर अनुवादकाची सही, तारीख आणि संपर्कासह लागतं. सोबत वडिलांचं पत्र: मुलाच्या परीक्षेचा खर्च मी करतोय, किती आणि कशातून. तुमचा स्वतःचा बॉन्डचा पगार सहा महिने खात्यात येत असेल तर ते सगळ्यात उत्तम. तोवर रोख काढून घरी देण्यापेक्षा खात्यातच राहू द्या.

व्हिजिटर व्हिसावर मुलाखत देता येते, नोकरी करता येत नाही, आणि तिथे बसून वर्क व्हिसात बदलताही येत नाही. नोकरी मिळाली तरी भारतात परत यायचं, हॉस्पिटलकडून सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप (नोकरीसाठी व्हिसाला पाठिंबा देणारा दाखला) घ्यायचं आणि हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसाचा अर्ज इथून करायचा. त्यात आरोग्य अधिभार (एनएचएसच्या वापरासाठी व्हिसासोबत घेतात ती रक्कम) भरावा लागत नाही, ही मोठी बचत. त्या वेळी मान्यताप्राप्त केंद्रातली टीबीची तपासणी आणि पासपोर्ट कार्यालयाचं पोलिस क्लिअरन्स लागतं. बॉन्डचं गाव आणि घरचा पत्ता वेगळे असतील तर दोन पोलिस ठाण्यांचा वेळ धरा.

---

फाइल_क्रमांक_७

एक भर. प्लॅब २ ची तारीख आधी, विमानाचं तिकीट शेवटी. मधे व्हिसा. परत न मिळणारं तिकीट व्हिसाआधी काढू नका. आणि हव्या त्या महिन्यात जागा दिसली नाही तर लांबची तारीख घेऊन ठेवा आणि खात्यात रोज बघत राहा, लोक तारखा सोडतात तेव्हा जवळच्या जागा पुन्हा उघडतात. फक्त इतकी जवळची घेऊ नका की व्हिसा पोचायच्या आत परीक्षेचा दिवस येईल. सहा-आठ आठवडे हातात ठेवा.